घरी बांधलेल्या पाणबुडीला फायबरच्या बॅलास्ट टाक्या बसवताना

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आम्ही गावभागातलं घर सोडून विश्रामबागेत मेव्हण्याकडे होतो. निघताना मागच्या बोळात पडलेली पाचशे लिटरची रिकामी टाकी मी झाकण घट्ट लावून, नायलॉनच्या दोरीनं जिन्याच्या कठड्याला बांधून ठेवली होती. वाहून जायला नको, एवढाच हिशेब. पाणी ओसरल्यावर चिखल तुडवत आत शिरलो तर टाकी कुठंच गेली नव्हती. जिन्याच्या स्लॅबखाली पाचर मारल्यासारखी अडकून बसली होती, आणि कठड्याचे तीन गज वेल्डसकट उपटून तिच्या दोरीला लोंबत होते.

पंचवीस वर्षं मी कुपवाड एमआयडीसीत फायबरची कामं करतोय. ट्रॅक्टरचे हूड, बागेतल्या घसरगुंड्या, केमिकलच्या टाक्या. टाकी म्हटलं की ती खाली कोसळू नये म्हणून स्टँड करायचा, ही हाताची सवय. बुडालेली रिकामी टाकी पाचशे किलोनं वर ओढते हे शाळेत शिकलो होतो, पण कधी अंगावर आलं नव्हतं. पुढं भाच्याच्या पाणबुडीला टाक्या बसवायची वेळ आली तेव्हा ते तीन गज मला रोज आठवायचे. तरी पहिली टाकी मी मोडलीच. आणि ती वर ओढल्यामुळं मोडली नाही. ते येईल पुढं.

पाणबुडी हे वेड भाच्याचं. अमेरिकेत जॉर्ज किट्रेज नावाचे नौदलातून निवृत्त झालेले कॅप्टन होते. त्यांनी के-२५०, के-३५० अशा एक-दोन माणसांच्या छोट्या पाणबुड्या काढल्या आणि हौशी लोकांना त्यांचे आराखडे विकले. नावातला आकडा म्हणजे फुटांतली खोली. भाच्यानं ते सगळं वाचून काढलं आणि एक दिवस येऊन म्हणाला, "मामा, हल मी बघतो. फायबर तुमचं." आमची बोट किट्रेजची नक्कल नाही, तिच्यापेक्षा फार कमी खोलीची आहे. पण बॅलास्टचं, म्हणजे टाकीत पाणी भरून बुडायचं आणि हवा भरून वर यायचं, गणित सगळीकडं एकच.

हल म्हणजे दाब सोसणारं मुख्य नळकांडं. आमचं दोन सुताच्या, म्हणजे सहा एमएमच्या एमएस (साध्या लोखंडी) प्लेटचं आहे, व्यास ९०० एमएम, दोन्ही टोकांना डिश एंड, म्हणजे ताटलीसारखी फुगीर झाकणं. साखर कारखान्यांची भांडी करणाऱ्या फॅब्रिकेटरकडून हिशेब करून, वेल्ड तपासून घेतलेलं. ते कसं करायचं हे मी इथं सांगणार नाही. दाबाच्या भांड्याचं गणित ज्याला येतं त्यानंच ते करावं. मी सांगतोय ते त्याच्या दोन्ही बगलांना बसणाऱ्या टाक्यांचं.

बोटीचं बुडालेल्या अवस्थेतलं एकूण वजन १९०० किलोच्या आसपास. दोन टाक्या, प्रत्येकी १२० लिटरच्या. म्हणजे दोन्हींत हवा असली की २४० किलोचा उचल मिळतो आणि आत शिरायच्या झाकणाचा मनोरा पाण्याबाहेर येतो. एकूण वजनाच्या बारा-तेरा टक्के झाले. यापेक्षा कमी ठेवलात तर लाटेबरोबर झाकणावर पाणी चढतं.

आता एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवायची. ही टाकी दाब सोसत नाही. तिच्या तळाला कायम उघडी भोकं असतात आणि माथ्यावर एक व्हेंट, म्हणजे उघडझाप करता येणारी हवेची वाट. व्हेंट उघडला की हवा वरून जाते, पाणी खालून शिरतं, बोट बुडते. वर यायचं तर व्हेंट बंद करून आत हवा फुंकायची, पाणी खालून निघून जातं. आत जेवढा दाब तेवढाच बाहेर, म्हणून चार मीटरवर काय आणि चाळीस मीटरवर काय, सहा एमएमचं फायबर पुरतं. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आयएनएस कुरसुरा २००२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. सहलीला गेलात तर बायकापोरं आत शिरतील तेव्हा तुम्ही बाहेरून एक चक्कर मारा. बाहेरचं कवच वेगळं, दाब सोसणारं आतलं अंग वेगळं, आणि मधल्या जागेत बॅलास्टच्या टाक्या. एवढी ९० मीटरची बोट, पण तत्त्व आमच्या १२० लिटरच्या टाकीचंच.

मात्र तळाच्या भोकांना व्हॉल्व्ह लावायचा मोह झाला तर हात बांधून ठेवा. भाच्याला झाला होता. "मामा, खालून पण बंद करता आलं तर हवा सुटणार नाही." बरोबर, सुटणार नाही. दहा मीटरवर टाकीतली हवा दोन बारची असते, वर येता येता ती दुप्पट फुगायला बघते. खालून वाट नसेल तर ती फायबर फोडून वाट काढते. टाकीचा बाहेरचा पत्रा दीड मीटर बाय चाळीस सेंटिमीटर धरा. आत-बाहेर फक्त ०.१ बारचा फरक पडला तरी त्याच्यावर सहाशे किलो येतात. दणकट म्हैस टेकली समजा. भोकं उघडी राहू देत. तीच आपली सेफ्टी.

पाठीपासून सुरुवात

टाकीची पाठ, म्हणजे हलला चिकटून बसणारी बाजू, वेगळ्या साच्यात करायच्या भानगडीत पडू नका. वेल्डिंग झालेली कुठलीच हल शंभर टक्के गोल नसते. आमची एका जागी चार एमएम चपटी निघाली. हललाच साचा करायचं. रंग लावायच्या आधी ती रोलरवर घेऊन फिरवायची, टाकी बसणार ती बगल आभाळाकडं आली पाहिजे. मग पाच एमएमची निओप्रीनची शीट तिथं पसरायची. नंतर टाकी आणि हल यांच्यामध्ये हेच रबर राहणार असतं, म्हणून त्याची जाडी आत्ताच धरून ठेवायची. त्यावर सुरकुती न पाडता ब्राऊन पॅकिंग टेप पट्ट्यापट्ट्यांनी मारायची. पॉलिस्टर रेझिन, म्हणजे काचेचे थर बांधून घट्ट होणारं चिकट द्रव, त्या टेपला धरत नाही. वरून एक हात मोल्डचं वॅक्स.

रबर महाग म्हणून कुणी थर्माकोलची शीट घालायला सांगेल. ऐकू नका. रेझिन थर्माकोलला मिठाच्या खड्यासारखं विरघळवतं, आणि तुमची पाठ हललाच जाऊन चिकटते.

थर आम्ही असे टाकले: आधी जेलकोट (नुसत्या रेझिनचा गुळगुळीत थर), मग चौरस मीटरला ३०० ग्रॅमची मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चटई), त्यावर ४५० ची मॅट आणि ६१० चं रोव्हिंग (विणलेलं जाड काचेचं कापड) आलटून पालटून. एकूण ४५० चे चार, रोव्हिंगचे दोन. मॅटचा ४५० चा एक थर म्हणजे साधारण एक एमएम. सगळं मिळून सहा एमएमच्या थोडं वर जातं. नुसतं रोव्हिंग घालून जाडी वाढवायची नाही. दोन रोव्हिंगच्या मध्ये मॅट नसली की पापुद्रा सुटतो, आणि पाण्यातल्या वस्तूला पापुद्रा म्हणजे वाळवी. एका टाकीला अकरा-बारा किलो रेझिन लागलं. तयार टाकी फ्लँजसकट, म्हणजे जोडायला बाहेर काढलेल्या सपाट कडेसकट, बावीस किलो. तीन एमएमच्या पत्र्याची केली असती तर नुसता पत्राच पंचेचाळीस किलो झाला असता, आणि आतून गंजला असता तो वेगळाच.

हार्डनरचं, म्हणजे रेझिन घट्ट करणाऱ्या रसायनाचं, प्रमाण ऋतू बघून. फेब्रुवारीतल्या सकाळी दीड टक्का चालतो. एप्रिलात शेडमध्ये चाळीस डिग्री असतं तेव्हा एक टक्का, म्हणजे किलोला दहा ग्रॅम, आणि तेही छोट्या छोट्या मगात. एकदम पाच किलो कालवलं तर ब्रश बुडवेपर्यंत मगात दगड. एक टक्क्याच्या खाली मात्र जायचं नाही, फायबर कायमचं अर्धकच्चं राहतं. जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका. मॅट दमट हवा पिते आणि थराखाली पांढरे ढग दिसतात.

हार्डनर आणि कोबाल्ट (घट्ट होण्याला वेग देणारं दुसरं रसायन) एकमेकांत थेट कधीही ओतायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मिळतं, तेच घ्या. आणि हार्डनर काढताना चष्मा. याला माझ्याकडं पर्याय नाही, नवीन पोराला पहिल्या दिवशी मी आधी चष्मा देतो, मग ब्रश. डोळ्यात थेंब उडाला तर डोळा जातो. उडालाच तर पंधरा मिनिटं नळाखाली धरायचा आणि तसाच दवाखाना गाठायचा.

बाहेरचं अंग साध्या प्लायच्या साच्यात झालं, त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. आत दोन आडव्या भिंती घातल्या, म्हणजे पाणी पुढं-मागं डचमळत नाही आणि पत्र्याला आधार मिळतो. त्या भिंतींचे वरचे आणि खालचे कोपरे कापायला विसरू नका. वरून हवा जायला, खालून पाणी. आमच्या एका भिंतीचा वरचा कोपरा जोडताना पुट्टीनं बुजला होता. बोट बुडताना नाक वर काढून बसायची. दोन दिवस आम्ही शिसं इकडचं तिकडं करत होतो. शेवटी भाच्यानं तपासणीच्या झाकणातून हात घालून चाचपलं तेव्हा कळलं. म्हणून सांगतो, प्रत्येक टाकीला हात जाईल असं २०० एमएमचं झाकण ठेवाच.

पाठ आणि बाहेरचं अंग जोडताना दोन्ही फ्लँज साठ नंबरच्या कागदानं चमक जाईपर्यंत घासायच्या, ॲसिटोननं पुसायच्या, मग रेझिनमध्ये बारीक कापलेला ग्लास आणि एरोसिल (दाटपणा आणणारी पूड) कालवून केलेल्या लगद्यानं चिकटवायच्या. सुकलेल्या चकचकीत फायबरवर नवीन रेझिन नुसतं बसल्यासारखं दिसतं, धरत नाही.

क्लीट, आणि हलला भोक न पाडणं

फायबर थेट लोखंडाला चिकटवून भागेल का? भाच्याचा प्रश्न होता, आणि बऱ्याच जणांचा असतो. नाही. पॉलिस्टर लोखंडाला मनापासून धरत नाही, आणि उन्हात फायबर लोखंडाच्या दुपटीहून जास्त वाढतं. दीड मीटरच्या टाकीत तीस डिग्रीचा फरक पडला की दोघांत पाऊण एमएमची तफावत. सकाळी पाण्यात, दुपारी उन्हात, असं दहा वेळा झालं की चिकटवलेलं सुटतं. टाकी बोल्टवरच पाहिजे.

आणि बोल्ट हलमध्ये नाही. हलला भोक म्हणजे हलला भोक, त्यात कसलाही बोल्ट आणि कसलंही सील घाला. आम्ही हलवर आधी १५० बाय १०० ची सहा एमएमची पॅड प्लेट वेल्ड केली, कोपरे गोल करून. चौकोनी कोपऱ्यावर ताण गोळा होतो. त्या पॅडवर ५० च्या अँगलचे क्लीट, म्हणजे टाकी बोल्टनं धरणारे कान. आता एका टाकीला वर तीन, खाली तीन. जागा अशी निवडायची की क्लीटच्या बरोबर मागं, हलच्या आत, तिला बळ देणारी रिंग आलेली असेल. वेल्डर मिस्त्री जुने, त्यांनी विचारलं, "मालक, मध्येच बसवलं तर काय बिघडतंय? दिसायला सारखं दिसंल." दिसायला सारखं दिसेल, पण तिथं प्लेट एकटी असते. सगळं वेल्डिंग आतला रंग आणि वायरिंग व्हायच्या आधी उरकायचं, आणि प्रत्येक पॅडची डीपी टेस्ट, म्हणजे रंग लावून चिरा शोधायची तपासणी, करायची. लाल रंग, पांढरी पावडर, अर्ध्या तासाचं काम. आमचा एका पॅडचा कोपरा केसाएवढा चिरलेला निघाला.

टाकीचं लांबीतलं ठिकाण बोटीच्या वजनाच्या मध्यावर जुळलं पाहिजे. ते अंदाजानं काढायचं नाही. बोट दोन चेन पुलीवर टांगा, दोन्हीकडं क्रेनचा काटा लावा, दोन आकडे आले की मध्य काढता येतो. २४० किलोचा उचल दहा सेंटिमीटरनं चुकला तर २४ किलोचं शिसं एक मीटर सरकवून भरपाई करावी लागते. आणि छोट्या बोटीत एक मीटर रिकामी जागा असते कुठं?

बोल्टची जागा

इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, म्हणजे दुसऱ्यांदा. पहिल्यांदा घालवला नव्हता.

पहिल्या टाकीची फ्लँज ४० एमएमची होती. पोटाच्या आणि फ्लँजच्या आतल्या कोपऱ्याला गोलाई जेमतेम पाच एमएम. चार बोल्ट, नेहमीचे वॉशर. वर ओढणारे १२० किलो चार बोल्टांत वाटले तर प्रत्येकी तीस, आणि एम-१० चा बोल्ट तीस किलोला हसतो. मी त्या पुरातल्या गजांचा विचार करत होतो, वर ओढणाऱ्या जोराचा. हिशेब बरोबर होता. फक्त टाकी पाण्याबाहेरही काढायची असते, हे त्यात नव्हतं.

चाचणी कवठेमहांकाळकडच्या एका द्राक्षबागायतदार आबांच्या शेततळ्यावर. तळं काठोकाठ भरलेलं असतानाच जायचं, म्हणजे हायड्रा क्रेनला बांधावरून फार लांब हात करावा लागत नाही. तळ्याला प्लॅस्टिकचा कागद, त्यामुळं बोटीच्या स्किडला, म्हणजे ती टेकते त्या पट्ट्यांना, टायरचे तुकडे बांधलेले. तरी आबा काठावर कमरेवर हात ठेवून उभे. "पाव्हणं, कागदाला भोक पडलं तर द्राक्षं तुमच्या पाणबुडीत लावायची का?"

बुडवणं झक्क झालं. आत कुणी नव्हतं, दोरी बांधून रिकामीच बुडवली होती. मग हायड्रानं उचलायला सुरुवात केली. व्हेंट बंद. का बंद, तर बाहेर काढताना वरून कचरा जाऊ नये म्हणून मीच केला होता. तळाला दोन भोकं, वीस-वीस एमएमची. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येत नाही, दुसरं पाडावं लागतं, हे आमच्या घरातल्या पोरालाही माहीत. आणि मी, पंचवीस वर्षं टाक्या करणारा, वरचं भोक बंद करून उभा. बोट पाण्याबाहेर आली ती दोन्ही टाक्या गळ्यापर्यंत भरलेल्या. १२० किलो पाणी आणि २२ किलोची टाकी, वर हायड्राचा हिसका. उजव्या टाकीच्या पुढच्या बोल्टापाशी 'टर्रकन' आवाज झाला, जाड कापड फाडावं तसा. फ्लँज कोपऱ्यातून उलगडत गेली आणि टाकी मागच्या एका बोल्टवर लोंबायला लागली.

नंतर तो तुकडा कापून बघितला. कोपऱ्यात काच नव्हतीच. पाच एमएमच्या गोलाईत मॅट बसत नाही, ती दोन्हीकडून ताणून मध्ये पोकळी सोडते आणि तिथं नुसतं रेझिन साचतं, बरणीच्या काचेसारखं. फायबर ओढून तुटत नाही, सोलून तुटतं. केळीचं साल जसं एका टोकाला धरलं की अख्खं येतं.

आता आहे ती रचना अशी. फ्लँज ८० एमएम, दोन्ही थर मिळून जाडी बारा. कोपऱ्याची गोलाई वीस एमएम, साच्यातच पुट्टीनं भरून घेतलेली. बोल्टचं भोक १४ चं, फ्लँजच्या कडेपासून भोकाच्या तिप्पट अंतरावर, म्हणजे ४२. भोकात एसएसचा (स्टेनलेस स्टीलचा) बुश, म्हणजे आखूड नळी. बोल्ट आवळला की जोर बुशवर येतो, फायबर चिरडत नाही. बारा एमएम फ्लँज आणि पाच एमएम रबर मिळून सतरा होतात, बुश सोळाचा ठेवला. रबर एक एमएम दबतं आणि लोखंडाला लोखंड टेकतं, पुढं कितीही पाना फिरवा. बुश पलूसकडच्या लेथवाल्याकडून घेतले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना मांडला तेव्हापासून त्या पट्ट्यात लेथ कळणारा माणूस शोधावा लागत नाही. चहा पिऊन होईस्तोवर बारा बुश हातात.

बोल्टच्या डोक्याखाली वॉशरऐवजी एसएसची तीन एमएमची पट्टी, १२० बाय ५०, कडा घासून गोल केलेली. पुढच्या टोकाच्या क्लीटला गोल भोक, बाकीच्यांना लांबट. टाकीला उन्हात पाऊण एमएम सरकायचं असतं, सरकू दे. नट नायलॉकचे, म्हणजे आपोआप न सुटणारे. एसएसचा बोल्ट आणि एमएसचा क्लीट यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर, नाहीतर क्लीट बोल्टभोवती गंजतो. गोड्या पाण्यात ३०४ जातीचं एसएस चालतं, समुद्रात न्यायची असेल तर ३१६ घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन पट्टे. ४० बाय ३ ची एसएसची पट्टी वरच्या क्लीटपासून टाकीच्या पोटावरून खालच्या क्लीटपर्यंत, खाली रबर. टाकीचं वजन आता पट्ट्यांवर येतं, फ्लँज फक्त जागा धरून ठेवते. बैलगाडीत पिंप नुसतं खुंटीवर कुणी टांगत नाही, दोर फिरवतोच की.

भोकं, व्हेंट आणि हवा

प्रत्येक कप्प्याला तळाशी ६० एमएमचं एक भोक, टाकीला तीन. व्हेंट २५ चा, सगळ्यात उंच जागी. खालच्या भोकांचं क्षेत्रफळ व्हेंटच्या सतरापट होतं. फुंकताना दाब साचू नये म्हणून खाली कायम ऐसपैस वाट हवी. जाळी बसवू नका, शेततळ्यातलं शेवाळ दोन बुड्यांत ती बुजवतं. दोन आडवे गज पुरेत. भोकाच्या कापलेल्या कडांना रेझिनचा हात मारायचा. उघड्या राहिलेल्या काचेच्या धाग्यांतून पाणी वातीसारखं आत चढतं.

दोन्ही टाक्यांचे व्हेंट एकाच लिव्हरवर, म्हणजे बोट एका कुशीवर कलंडत नाही. पण हवेच्या नळ्या वेगळ्या, प्रत्येकीला आपला नॉन-रिटर्न, म्हणजे हवा उलटी येऊ न देणारा व्हॉल्व्ह. नळी सामायिक असली की बोट जरा तिरकी झाल्यावर खालच्या टाकीतली हवा वरच्या टाकीत पळते आणि तिरकेपणा आणखी वाढतो.

हवेचा हिशेब सोपा आहे. दहा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार म्हणजे दोन हजार लिटर हवा. दहा मीटरवर दोन्ही टाक्या रिकाम्या करायला ४८० लिटर जातात. रेग्युलेटरशिवाय जोडायचं नाही, आणि पुढची नळी सहा एमएमचीच ठेवा. घाईत व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी टाकी फुगणार नाही.

एवढं करूनही टाकीवर जीव टांगायचा नाही. टाक्या नाही फुंकल्या तर सोडून देता येईल असं खालचं वजन वेगळं हवं, आतून हातानं सुटणारं. आमचं साठ किलोचं आहे. झाकण आतून ढकलून बाहेर पडू, या भ्रमात कुणी राहू नये. झाकणावर दोन मीटर पाणी असलं आणि झाकण अर्ध्या मीटरचं असलं तरी त्याच्यावर ३९० किलो बसलेले असतात. माणूस आत असताना काठावर कोण, दोरी कुणाच्या हातात, बॉय (तरंगती खूण) कुठं, हे आधी ठरलेलं पाहिजे. आमची बोट माणसासकट शेततळ्याच्या चार मीटरपलीकडं अजून गेलेली नाही. कृष्णेत आम्ही उतरणार नाही. पाणी गढूळ, ओढ आहे, आणि मगरी आहेत, हे सांगलीकराला सांगायला नको. कोयनेच्या शिवसागरावर किंवा धोमला जायची भाच्याला फार हौस. खात्याची लेखी परवानगी घेऊन ये म्हटलंय. आणि मालवणला न्यायची झाली तर सगळं वजन पुन्हा जुळवावं लागेल. खाऱ्या पाण्यात हीच बोट पन्नासेक किलोंनी हलकी होते.

बाहेर काढताना

उचलण्याआधी दोन्ही टाक्या पूर्ण फुंकून घ्या, आणि मगच व्हेंट उघडा, पण तेव्हा हायड्राचा हूक लागलेला हवा, नाहीतर बोट परत बुडते. तळाची भोकं पाण्याच्या जरा वर आली की हायड्रावाल्याला हात दाखवून थांबवायचं आणि मनात साठ आकडे मोजायचे. राहिलेलं पाणी नळ सोडल्यासारखं पडतं. धार तुटून थेंब व्हायला लागले की मग वर. हायड्रावाले थांबत नाहीत, त्यांचं भाडं तासावर असतं, म्हणून निघायच्या आधीच बोलून ठेवा.

घरी आणल्यावर रुपयाचं नाणं घ्या आणि फ्लँजच्या कोपऱ्या-कोपऱ्यानं टाकी ठोकत जा, बोटभर अंतरावर. टणटणीत आवाज म्हणजे पक्कं. बद्द आवाज आला तिथं पापुद्रा सुटायला लागलाय, खडूनं खूण करा. मिरजेत सतारीचा भोपळा घेताना कारागीर असाच टिचक्या मारत बसतो, त्याला शेजारून जाऊन बघितलं तर कान लवकर तयार होतो. बोल्टभोवती पांढुरकी कड दिसली तर ती मळ नाही, फायबरला पडलेला ताण आहे. बोल्ट काढून बुश बघायचा.

नव्या टाक्या घेऊन गेलो तेव्हा आबा पुन्हा काठावर. धार पडायची थांबली, बोट वर आली, टाक्या जाग्यावर. त्यांनी बोटीकडं बघितलंच नाही. वाकून कागदावरनं हात फिरवला, दोन ठिकाणी शेवाळ खरवडून बघितलं, आणि म्हणाले, "पुढच्या खेपेला छाटणी झाल्यावर या. आत्ता माणसं नाहीत."